तीन पालकांचं बेट

अँड्रियासकाकांच्या घरी जेवायला गेलं की पावाला हात लावायची घाई करायची नाही, हे आम्ही पहिल्याच खेपेला शिकलो. कारण तो पाव नसायचा, सायप्रस असायचा. टेबलाच्या मधोमध पाव. वरच्या अंगाला मिठाची बाटली, ती तुर्कस्तान. डावीकडे ऑलिव्हची वाटी, तो ग्रीस. पाण्याचा जग ब्रिटन, मिरपुडीची डबी अमेरिका आणि माझ्या नवऱ्यासमोरचा बिअरचा ग्लास रशिया. "आता बघ हं," म्हणत काका सुरी उचलायचे. सुरी उचलली की मारूलाकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अँड्रियास, लोकांना भूक लागलीय!" पण बेट कापून झाल्याशिवाय तिथे कुणाच्या पोटात घास गेला नाही. प्लंबर आला तर प्लंबरला, पार्सल घेऊन आलेल्या पोरीला, विमा विकायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी हे बेट समजावलं होतं. विमेवाला पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही.

आम्ही हॅमिल्टनला 'माउंटन'वर राहतो. टेकाडाला इथे माउंटन म्हणतात. माझा नवरा कराडचा, तो सह्याद्रीशी तुलना करून नाक मुरडतो. मी नागपूरची, मला सीताबर्डीची टेकडीही डोंगर वाटते, म्हणून मी गप्प राहते. तर तिथे आमच्या पहिल्याच विंटरला मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते, म्हणजे इकडचा बर्फ तिकडे अन् तिकडचा इकडे करत होते. शेजारच्या कुंपणापलीकडून एक भरघोस मिशा म्हणाल्या, "मुली, तू बर्फाला फिरायला नेतेयस का?"

हे काका. माझ्या हातातलं फावडं घेतलं, काम सुरू केलं, अन् मान वर न करता चौकशी.

"कुठली?"

"इंडिया."

"ब्रिटिश होते ना तुमच्याकडे? गेले?"

"गेले."

"सगळे?"

"सगळे," मी म्हटलं, जसं काही मीच त्यांना बोटीत बसवून आले होते.

"नशीबवान आहात. आमच्याकडे दोन लष्करी तळ ठेवून गेले. पाहुणा गेला, पण चपला अजून दारात आहेत." मग थोडं थांबून, "पण तुमचेही जाताना तुकडे करून गेले."

"हो."

"हां," काका समाधानानं म्हणाले. "मग तुला फार समजावून सांगावं लागणार नाही."

अन् त्यानंतर वर्षानुवर्षं ते मला समजावूनच सांगत राहिले.

सायप्रसला स्वातंत्र्य कसं मिळालं हे काकांच्याच तोंडून ऐकावं. "आम्ही ग्रीक बोलणारे म्हणत होतो, आम्हाला ग्रीसला जोडा. तुर्की बोलणारे आमचे शेजारी म्हणत होते, मग बेट कापा आणि आमचा तुकडा वेगळा द्या. ब्रिटिश म्हणत होते, आम्हाला इथे छान वाटतंय, आम्ही जातच नाही. शेवटी लांबच्या कुठल्या शहरात मोठी माणसं एका टेबलाशी बसली आणि कुणीच न मागितलेलं स्वातंत्र्य त्यांनी आम्हाला देऊन टाकलं." वर बेटाची काळजी घ्यायला तीन पालक नेमले: ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान. "तीन पालकांचं पोर उपाशीच झोपतं," काका म्हणायचे. "प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं जेवू घातलं असेल."

चौदा वर्षांनी, १९७४ साली, एका पालकानं, ग्रीसनं, बेटावरचं सरकार उलथवायला लावलं. दुसरा, तुर्कस्तान, त्याच निमित्तानं फौज घेऊन उतरला. तिसरा आपल्या तळावरून बघत बसला. "आणि अमेरिकेला भीती, बेट रशियाकडे जाईल. रशियाला भीती, अमेरिकेकडे जाईल. जाईल कुठे? समुद्रात आहे ते! त्याला काय चाकं आहेत?" इथे काका टेबलावर मूठ आपटायचे अन् रशिया सांडायचा. मग काकू फडकं घेऊन यायच्या.

बेट दुभंगलं ते दुभंगलंच. उत्तरेत तुर्की, दक्षिणेत ग्रीक, मध्ये तारांचं कुंपण. काकांचं गाव उत्तरेत राहिलं. ते सव्वीस वर्षांचे होते. म्हाताऱ्या आईला घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेत पळाले अन् तिथून इथे, हॅमिल्टनला. त्यांचे मामा इथल्या पोलादाच्या कारखान्यात होते. त्याच भट्टीशी काकांनीही जन्म काढला. मारूलाकाकू दक्षिणेकडच्या, पण लग्न इथलं. मूलबाळ नाही.

काकांच्या हट्टांची यादी करायला बसले तर संध्याकाळ होईल. कॉफीला 'तुर्की कॉफी' म्हटलेलं चालायचं नाही, 'सायप्रस कॉफी' म्हणायची. "आधीपासून हेच नाव आहे का?" मी एकदा खवचटपणे विचारलं. "नाही," काका म्हणाले, "७४ पर्यंत आम्हीही तुर्कीच म्हणायचो. चव तेव्हा जास्त चांगली होती." आपल्याच हट्टाला आपणच चिमटा काढायचा ही त्यांची खोड. दुसरा हट्ट मात्र चेष्टेचा नव्हता. मधल्या कुंपणाची फाटकं आता उघडली आहेत, पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येतं. काकूंनी कितीदा म्हटलं, जाऊ, गाव बघून येऊ. काकांचं एकच उत्तर: "माझ्या घरी जायला मी परक्या पोराला पासपोर्ट दाखवू? मेलो तरी नाही."

अन् मिखालीसची गोष्ट. ती सांगताना काकांचा चेहरा उजळायचा. ब्रिटिशांविरुद्ध चळवळ पेटली होती तेव्हाची. काका शाळकरी पोर. मास्तरांनी वर्गातल्या पाच-सहा जणांना निळा रंग दिला अन् पोलीसचौकीच्या भिंतीवर घोषणा लिहायला धाडलं. काकांनी अक्षरं झकास काढली. घरी येऊन झोपेचं सोंग घेतलं. सकाळी दारात ब्रिटिश सार्जंट! झालं काय, तर धाकटा भाऊ मिखालीस, जेमतेम तीन वर्षांचा, लपतछपत मागून आला होता, रंगाच्या डब्यात दोन्ही पाय बुडवून नाचला होता, अन् चौकीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत निळ्या पावलांनी चालत आला होता. "सार्जंटला काही तपास करावा लागला नाही. फक्त खाली बघत चालायचं होतं!" सार्जंटनं ती एवढीशी पावलं बघितली, हसू आवरत काकांचा कान धरला अन् भिंत घासायला लावली. आईनं मात्र मिखालीसला नाही, काकांना बदडलं. का? तर धाकट्यावर लक्ष ठेवायचं काम मोठ्याचं.

"आता कुठे असतो मिखालीस?" मी हसत हसत विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला. काकू म्हणाल्या, "अजून कॉफी करू का?" मी हो म्हटलं, खरं तर मला नको होती.

पुढे आमची मीरा झाली. बाळंतपणाला कराडहून सासूबाई आल्या. सासूबाई म्हणजे तोफ. इंग्रजीचा गंध नाही, पण पंधरा दिवसांत अख्ख्या गल्लीशी त्यांची ओळख, सगळी मराठीतून. काकांना त्या थेट 'भाऊ' म्हणायच्या. काका अंजिराचं झाड हिवाळ्याआधी वाकवून मातीखाली झाकून ठेवायचे. सासूबाईंनी ते ऐकून कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "भाऊ, एवढे हाल करण्यापेक्षा गावाकडं जावा की!" काकांना अक्षर कळलं नाही, तरी ते ओशाळून हसले.

बारशाला सासूबाईंनी घुगऱ्या केल्या. बारसं अन् घुगऱ्या नाहीत, असं होतं का? गहू शिजवले, गूळ-खोबरं घातलं. परदेशात पहिलं नातवंड म्हणून हौसेनं वर डाळिंबाचे दाणे, बदामाचे काप, बेदाणे. ताट असं सजलं की बघत राहावं. "शेजारी आधी देऊन येऊ," म्हणाल्या. मी, काखेत मीरा, पुढे सासूबाई अन् त्यांच्या हातात ते ताट.

मारूलाकाकूंनी दार उघडलं. ताट बघितलं. हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली अन् हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"खावा, खावा, गोड आहे," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात काका मागून आले. ते ताट बघून त्यांचा चेहरा जो पांढरा पडला तो मी जन्मात विसरणार नाही. "कुणी सांगितलं तुला?" माझ्याकडे बघून ते ओरडले. "तो मेला म्हणून तुला कुणी सांगितलं?" अन् दार बंद. मीरा दचकून रडायला लागली. सासूबाई ताट घेऊन तशाच उभ्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तासाभरानं काकू आल्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं. शिजवलेले गहू, डाळिंब, बदाम, बेदाणे: त्यांच्याकडे हे मेलेल्या माणसासाठी करतात. चर्चमध्ये प्रार्थना झाली की वाटतात. अन् ह्या घरात ते कधीच शिजले नव्हते, काकांच्या आईसाठीसुद्धा नाहीत. कारण मिखालीस. वीस वर्षांचा होता, सैन्यात होता, ७४ च्या लढाईत गावाजवळच्या लिंबाच्या बागेकडे पळताना शेवटचा दिसला, तेव्हापासून बेपत्ता. मेला म्हणावं तर प्रेत नाही. जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. आई इथे हॅमिल्टनला वाट बघत वारली, अन् जाताना काकांकडून शपथ घेऊन गेली: हाड बघितल्याशिवाय ह्या घरात गहू शिजवायचा नाही.

"आता तिकडे एक समिती आहे," काकू म्हणाल्या. "ग्रीक आणि तुर्की, दोघं मिळून खणतात, हाडं जुळवतात. दरवर्षी त्यांचा फोन येतो. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या गालातून नुसती कापसाची काडी फिरवून द्यायची. रक्ताचा आता अँड्रियास एकटाच आहे. पण तो देत नाही. म्हणतो, काडी देणं म्हणजे मीच त्याला मारणं." त्यांनी डोळे पुसले. "हृदयात दोन स्टेंट आहेत त्याच्या. हा गेला की मिखालीस कायमचा हरवला. मग सापडला तरी तो कोण, हे कुणाला कळणार नाही."

मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. त्या गप्प झाल्या. सासूबाई गप्प झाल्या की आमच्याकडे सगळ्यांना धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "चल. तू फक्त सांग, मी बोलते. मधे तुझं शहाणपण घालू नको."

काका मागच्या अंगणात बसले होते. आम्हाला बघून उठले, कालच्याबद्दल माफी मागायला लागले. सासूबाईंनी हातानंच बसवलं अन् समोर खुर्ची ओढून बसल्या.

"भाऊ, आमच्याकडं हे माणूस गेल्यावर करत नाहीत. पोराचं नाव ठेवलं की करतात. बारा दिवस त्याला नाव नसतं, नुसतं बाळ असतं. नाव ठेवलं की ते कुणीतरी होतं, मग गहू."

मी सांगितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"तुमचा भाऊ तिकडं कुठंतरी बिननावाचा पडलाय. हाडांच्या ढिगात. तुम्ही त्याला मारणार न्हाई, तुम्ही त्याला नाव देणार. दुसरं कोण देणार? माझा मुलगा देणार?"

"मी आईला शब्द दिलाय," काका म्हणाले.

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला. "तुमची आई आता जिथं आहे ना भाऊ, तिथं तिला कधीच कळलंय. तिची वाट बघून संपली. आता तुम्ही एकटेच बघताय."

मी हेही सांगितलं.   मग काकांनी माझ्या कुशीतल्या मीराकडे बोट केलं. "काय नाव ठेवलं?"

"मीरा."

"छान आहे," म्हणाले, अन् उठून आत गेले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला क्लिनिकमध्ये सोडायला सांगितलं. काडी फिरवायला मिनिटसुद्धा लागलं नाही. नर्स चांगली होती, गप्पिष्ट होती. पाकिटावरचा पत्ता बघून म्हणाली, "सायप्रस! कुठे आलं हे?" मी मनात म्हटलं, बाई, आता तुझी खैर नाही. पण काका नुसतं म्हणाले, "लांब आहे," अन् कोट चढवून बाहेर पडले. गाडीत मी हीटर लावला. सगळ्या वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत.

मग वाट बघणं. सासूबाई परत गेल्या. दर रविवारी फोनवर "पोरगी कशी आहे?"च्या आधी "भाऊंचं कळलं का?" काका चिडचिडे झाले होते. जेवायला बोलवायचे, पण पाव गुपचूप कापून वाढायचे. ते बघून माझ्या नवऱ्याला चैन पडेना. एकदा त्यानं आपण होऊन बिअरचा ग्लास कोपऱ्यात सरकवला अन् म्हणाला, "काका, रशिया तयार आहे." काका हसले, पण सुरी काही उचलली नाही.

जानेवारी होता. मी ड्राइव्हवेवर होते. शेजारचं दार उघडलं अन् मारूलाकाकू घरातल्या सपाता घालून, कोट नाही काही नाही, बर्फातून धावत आल्या. "सापडला! मिखालीस सापडला!"

मी आत गेले तेव्हा काका स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, फोन अजून हातातच. मला वाटलं रडत असतील. रडत होतेच, पण हसतही होते, अन् एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त्याच दिवशी. त्याच दिवशी गेला तो." लिंबाच्या बागेच्या कोपऱ्यात, आणखी दोघांबरोबर. गोळी लागून.  काकांनी माझा हात धरला.

"तुला कळत नाहीये, मुली. लोक म्हणायचे पकडून नेलं, तुर्कस्तानात तुरुंगात आहे. इतकी वर्षं मी जेवायला बसलो की माझ्या डोळ्यांपुढे तो उपाशी. थंडी पडली की तो उघडा. कुणी दार आपटलं की त्याला कुणीतरी मारतंय. मी देवाकडे काय मागत होतो माहितेय? तो जिवंत नसू दे म्हणून मागत होतो, आणि मग दिवसभर स्वतःची लाज वाटायची. काही झालं नाही गं त्याला! तुरुंग नाही, मार नाही, भूक नाही. त्या बागेच्या पुढे तो कधी गेलाच नाही!"

एवढा मोठा सुटकेचा श्वास मी माणसाला टाकताना पाहिलेला नाही. काकूंनी कॉफी ठेवली. काका म्हणाले, "जरा जास्त कर, सगळ्यांना." मी कराडला फोन लावला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सुटले बाई भाऊ." अन् मग फोनवर बराच वेळ नाक ओढत राहिल्या.

मार्चमध्ये दोघं बेटावर गेले. काकूंच्या बहिणीकडे उतरले. आठवड्यानं काकांचा व्हिडिओ कॉल आला. उन्हानं लालबुंद झालेले.

"दाखवला," म्हणाले.

"काय दाखवला?"

"पासपोर्ट. फाटकावर. तिथला पोरगा विशीतला असेल. नाव वाचलं, फोटो बघितला, म्हणाला, वेलकम. मला इतका राग आला! मग त्याच्याकडे बघितलं, तर ह्याला मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. म्हटलं, थँक यू."

ज्यानं समितीला जागा दाखवली तो सालीह नावाचा म्हातारा, शेजारच्याच तुर्की गावचा. युद्धानंतर ती बाग त्याच्या वाट्याला आली होती. काका त्याला भेटले. दोघं बागेत उभे राहिले.

"मी विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीस? म्हणाला, भीती. तुमची नाही, आमच्याच लोकांची. मी काय बोलणार? आमच्याकडेही असे गप्प बसलेले म्हातारे आहेत, आणि आमच्या विहिरींतही त्यांची पोरं मारून टाकलेली आहेत." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "मग म्हणाला, त्या कोपऱ्यात मी कधी नांगर घातला नाही. बाकी सगळी बाग नांगरली, तो कोपरा तसाच ठेवला. लोक हसायचे, म्हणाला." काका फोनजवळ सरकले. "त्यानं माझ्या भावावरून नांगर फिरवला नाही, मुली. आता ह्या माणसाला मी शत्रू कसं म्हणू? पुढच्या जेवणाला मी पाव कापू तरी कसा?"

ते पुढचं जेवण झालं नाही. एप्रिलमध्ये, बहिणीच्याच घरी, काका दुपारी झोपले ते उठले नाहीत. काकू म्हणतात, झोप गाढ होती, एरवी कधी लागायची नाही तशी. मी खूप रडले. पण खरं सांगते, रडतानाही मनात एक बरं वाटत होतं, की वेळेत झालं बाई सगळं.

उन्हाळ्यात काकू घर विकायला आल्या. एका संध्याकाळी माझ्याकडे जेवल्या. मग फोन काढून म्हणाल्या, "मिखालीसला माती दिली त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. बघशील?"

कडक ऊन. चर्चपासून दफनभूमीपर्यंत पांढरी वाट. बरीच माणसं, काळ्या कपड्यांतली. सगळ्यांच्या पुढे काका, अन् त्यांच्या हातात पेटी. नुसती हाडं, म्हणून पेटी लहान, लेकराला घ्यावं तेवढीच. एक पाद्री पुढे होऊन हात देतो, काका मान हलवतात. दोन सैनिक येतात, त्यांनाही नाही. छातीशी धरून चालताहेत, मान खाली, अन् सारखे काहीतरी बोलताहेत. ओठ थांबतच नाहीत.

"प्रार्थना म्हणताहेत का?" मी विचारलं.

"प्रार्थना?" काकूंना हसू फुटलं, डोळे वाहत असतानाच. "अगं, रागावतोय त्याला. सगळ्या वाटेत रागावत होता. म्हणतोय, कुठे होतास इतका वेळ, गाढवा? आई जेवायची थांबलीय. चल, घरी चल."